उंबरवाडीच्या वाटेला किती इंच?

९ डिसेंबर १९९३, गुरुवार

आजपासून माझ्यावर शिंकायची बंदी आहे. निजामाच्या राज्यात पुष्कळ गोष्टींवर बंदी होती असं वडील सांगायचे, पण रयतेच्या नाकाला त्यानेही हात घातला नव्हता. परभणीचे हाडांचे डॉक्टर म्हणाले, शिंक आलीच तर भिंतीला धरा, पाठ ताठ ठेवा आणि बेताने शिंका. बेताने! सत्तेचाळीस वर्षं मी अशी शिंक देत आलो की गल्लीतली कुत्री उठून जागा बदलतात. आता वरिष्ठांची मंजुरी आल्यासारखं शिंकायचं. दुपारपासून एक अडवून धरली आहे.

थट्टा पुरे. ही वही कुणी वाचणार नाही, तर खरं लिहावं. मी घाबरलो आहे.

मणक्यातली वाट अरुंद झाली आहे म्हणे. तिच्यातून पायांच्या शिरा खाली उतरतात. म्हणून चालायला लागलो की दोनशे पावलांत पाय बधिर होतात, आणि सायकलवर पुढे वाकून बसलो की काही होत नाही. हे ऐकून डॉक्टरांना आनंदच झालेला दिसला – "बरोब्बर, हेच लक्षण!" मग चष्मा काढून बाकीचं सांगितलं. औरंगाबादला सरकारी दवाखान्यात ऑपरेशन करून घ्या. तोवर धक्के टाळा. आणि बसायच्या जागी, मांड्यांच्या मध्ये बधिर वाटलं किंवा लघवी अडली, तर एक दिवसही थांबू नका. पाय जातील. लघवीवरचा ताबाही जाईल. गेलेलं परत येत नाही.

चिठ्ठी वहीच्या पुठ्ठ्यात सरकवली आहे. बायकोला, गीताला, सांगितलं, डॉक्टर म्हणतात वय झालं. तिला ऑपरेशनचं सांगितलं तर ती उद्याच गाडीत बसवेल. आमच्या आळीतला आप्पाराव तीन वर्षांपूर्वी कमरेच्याच ऑपरेशनला गेला. चालत गेला आणि खाटेवर परत आला, असं सगळी आळी सांगते. तेव्हापासून ओट्यावर बसून आहे.

१० डिसेंबर

सकाळी अंथरुणातच दोन्ही पायांचे अंगठे वर उचलून पाहिले. उचलले. लघवी नीट झाली. अशी वाक्यं लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

१२ डिसेंबर, रविवार

मी शिकवतो ती शाळा उंबरवाडीला. आमच्या सोनपेठहून आठ किलोमीटर, एसटी नाही. चालणं संपलंच. बैलगाडीत बसलो तर मणके मोजून हातात मिळतील. बदली मागावी, तर परभणीच्या साप्ताहिकात मी जे सदर लिहितो त्यात सभापतींच्या जीपवर तीनदा लिहून झालं आहे, आणि बदलीचा कागद त्यांच्याच टेबलावरून जातो. राहिली सायकल.

आणि ती वाट! पावसाळ्यात काळ्या चिखलात बैलांचे खूर उमटले, ते आता वाळून दगड झालेत. दोन किलोमीटर नुसते खूर. मग ओढा – खडा उतार, वाळू, खडा चढ. मग पुन्हा खूर.

स्टँडजवळ चंद्रभानचं सायकलचं दुकान आहे. दुकानावर निळा झेंडा. आमचे हेडमास्तर माणिकराव परवा म्हणाले, विद्यापीठाच्या नामांतराचं एवढं पेटलंय आणि तुम्ही नेमके तिथेच बरे जाता! मी म्हणालो, मला पंक्चर काढायचंय, ठराव पास करायचा नाही. त्यांनी माझ्यापुढे धरलेला चहाचा कप दुसरीकडे वळवला.

चंद्रभानकडे भंगारातल्या मोपेडचा पुढचं चाक धरणारा चिमटा आहे, दोन्ही पायांत स्प्रिंगा असलेला. तो माझ्या सायकलला बसवतो म्हणाला. पुण्यात आता जाड टायरच्या, डोंगरात चालवायच्या सायकली आल्यात, त्या पाहून आलाय.

"खेळ किती ठेवू, गुरुजी?"

म्हणजे धक्का बसला की चाक किती इंच वर सरकू द्यायचं. मला काय कळतंय! एक म्हणालो. तो हसला. "एक इंच तं पहिल्या खुरातच संपल."

पण मी एकच सांगितला. घाबरलेला माणूस लहान आकडा सांगतो.

१५ डिसेंबर

एक इंच संपला. पहिल्या खुरातच.

तेही चाललं असतं. पण शाळेत उतरलो आणि कळलं – बसायच्या जागी बधिर. मांडीच्या आत चिमटा काढला, दुसऱ्याच्या मांडीला काढल्यासारखा. चौथीच्या वर्गात फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. हातात खडू, लिहायला काही सुचेना. पोरांना वाटलं मी रागावलोय, म्हणून वर्ग चिडीचूप. वीस मिनिटांनी मुंग्या आल्या आणि हळूहळू जागा माझी झाली.

हे मणक्याचं की सीटचं? डॉक्टरांनी सांगितलेली जागा आणि सीट दाबते ती जागा एकच. देवाने की सायकलच्या कारखान्याने, कुणी हा घोळ घातला कळत नाही.

माणिकराव तीस वर्षं सायकलवर आहेत. त्यांना विचारायचं ठरवलं. पण हेडमास्तरांना असलं विचारायचं कसं! "सायकल चालवून तुम्हाला कधी… बसायला…" एवढंच बोललो. ते कुजबुजले, मूळव्याध का? दुपारच्या सुट्टीपर्यंत माझी मूळव्याध साऱ्या शाळेला पाठ झाली. शिपायाने सुरणाची भाजी सुचवली. मात्र निघताना माणिकराव हळूच म्हणाले, सायकलवर सगळ्यांनाच मुंग्या येतात, आम्हालाही.

सगळ्यांनाच. हा शब्द उशाला घेऊन झोपतो.

१६ डिसेंबर

अंगठे उचलले. शाळेत पुन्हा बधिर, पंचवीस मिनिटं. सीटच.

१९ डिसेंबर, रविवार

चंद्रभानला म्हणालो, चार इंच कर. आता मोठा आकडा. त्याने मऊ स्प्रिंगा घातल्या आणि चिमट्याच्या नळीला दोरा बांधला, चाक कुठवर वर गेलं ते कळायला. मग मला बसवलं. मी नुसता बसलो, दुकानासमोर, सपाट जमिनीवर.

"बघा. तुमी बसल्याबसल्याच दोन इंच खाल्ले. धक्क्याला उरले दोनच."

माझं वजन ऐंशी किलो आहे. उंबरवाडीच्या वाटेच्या वाट्याचे इंच मी दुकानातच संपवतो. त्याला म्हणालो, मी सदरातही हेच करतो, प्रस्तावनेतच सगळं संपतं. तो हसला नाही. हवा तपासत होता. वर न बघता विचारलं, डॉक्टर काय म्हणले खरं?

मी म्हणालो, वय झालं.

२३ डिसेंबर

चार इंच मऊ आहे. इतकं मऊ की सायकल धक्का पोटात घेते आणि मग सावकाश परत करते. दोन किलोमीटर मी डोलत जातो. खूर कमी लागतात, पण बधिरपणा तेवढाच. गीता म्हणाली, या सायकलीपायी तुम्ही जेवताना बोलायचे थांबलात. मी म्हणालो, स्प्रिंगचा हिशेब चालू आहे. तिने माझ्याकडे पाहिलं ते काही ठीक पाहिलं नाही.

२७ डिसेंबर, सोमवार

पडलो.

ओढ्याचा उतार. चिमटा दबला, चाक वर आलं, आणखी वर आलं आणि मडगार्डमध्ये जाऊन बसलं. चार इंच खेळ आणि जागा तीन इंच! चंद्रभानने नाही मोजली, मी नाही मोजली. सायकल जागीच थांबली, मी थांबलो नाही. वाळूत उताणा.

आभाळ दिसत होतं. दुखत नव्हतं, याचीच भीती वाटली. मग कळलं की मांड्यांपाशी ओलं आहे, गार ओलं. संपलं, म्हटलं. ताबा गेला. डोळे मिटून घेतले. मग विचार आला, गार कळतंय म्हणजे बधिर नाही. बधिर नाही तर ओलं का? तर्कशास्त्र एवढं कामाला मी आयुष्यात लावलं नव्हतं, आणि उठून बघायची हिंमत नव्हती.

"गुरुजी, पडलाव का निजलाव?"

उंबरवाडीची दगडाबाई. डोक्यावर गवताचा भारा. तिचा नातू माझ्या वर्गात आहे. मी म्हणालो, बाई, आधी माझ्या पायांचे अंगठे हलतायत का बघ. तिने भारा खाली टाकला, माझ्या चपला काढल्या आणि नीट वाकून पाहिलं, जात्याचा खुंटा बघावा तसं.

"हलायलेत की दोन्ही. आन् हे ताक सांडलं तुमचं."

हँडलला अडकवलेली ताकाची बाटली! मी हसायला लागलो आणि ते थांबेना. दगडाबाईने भारा बाजूला सरकवला. मग बसली. का कोण जाणे, जे माणिकरावांना अर्धं सांगितलं आणि गीताला अजिबात नाही, ते तिला सांगून टाकलं – सीटवर बसून बधिर होतं, त्या जागी, आणि मला लय भीती वाटते. 'लय' म्हणालो. शाळेत पोरांना या शब्दासाठी उभं करतो.

तिने सायकलची सीट दाबून पाहिली. मग डोक्यावरची चुंबळ काढली. जुन्या लुगड्याची वळलेली, डोक्याच्या तेलाने काळी पडलेली.

"ही बांधा वर. मधी भोक हाय. वझं कडंनं उतरतं, मधी दाबत न्हाई. मी चाळीस साल डोक्यावर वागवायली."

मी नको म्हणालो. ती म्हणाली, मला दुसरी वळता येते, तुम्हाला येते का? मग भारा उचलून नुसत्या डोक्यावर घेतला आणि गेली.

२८ डिसेंबर

चंद्रभानने पडलेलं ऐकून कपाळावर हात मारला. दोघांनी मिळून नीट मोजलं. आता ठरलं ते असं – खेळ अडीच इंच, स्प्रिंग कडक. मी बसलो की अर्धा इंच जातो, खुरांना एक लागतो, ओढ्याला राहतो एक. मडगार्ड वर उचललं, टायरमधली हवा थोडी कमी केली. या वाटेला, या वजनाला अडीच. त्याहून जास्त मागणं म्हणजे भीतीचे इंच, असं मी म्हणालो. चंद्रभान म्हणाला, हे छापा तुमच्या पेपरात.

१ जानेवारी १९९४

चार दिवस झाले. चुंबळ सुतळीने सीटवर बांधली आहे. बधिरपणा नाही! शाळेत उतरतो, चिमटा काढतो, लागतो. पुन्हा काढतो, पुन्हा लागतो. मांडी निळी झाली आहे. असं नवं वर्ष कुणाचं गेलं नसेल.

सीटच होती. सीटच होती. सीटच होती.

५ जानेवारी

आप्पारावच्या ओट्यापाशी थांबलो. एरवी नमस्कार करून निसटतो. त्याने चुंबळ पाहिली आणि तोंडभर हसला. मग विचारलं, कंबर का? 

म्हणालो, तुम्ही तर चालत गेला होता ना ऑपरेशनला.

"चालत? चौघांनी उचलून एसटीत घातलं मला. आठ महिने तेल लावायलो, शेकायलो. कुणाला सांगितलं न्हाई, बायकोला बी. डॉक्टर म्हणला, आधी आला असता तं चालत घरी गेला असता."

आळीने तीन वर्षं चुकीचं सांगितलं आणि मला तेच बरं वाटत होतं. घरी येऊन जेवलो. गीताला सांगणार होतो. तिची पाहुणी आली.

७ जानेवारी

लघवीला आज वेळ लागला. थंडी आहे.

८ जानेवारी, शनिवार. परभणी स्टेशन

संध्याकाळच्या गाडीची वाट बघतोय. गीता शेजारी आहे. दुपारी तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही, म्हणाली फक्त – "एक महिना." मग पिशवी भरली. नामांतराचं याच महिन्यात होणार म्हणतात, रस्ते कधी बंद पडतील नेम नाही, म्हणून सोमवारची वाट पाहिली नाही.

सकाळी शाळेत उतरलो तर बधिर. चुंबळीवर बसून. एक तास थांबलो, दोन तास थांबलो. शाळा सुटली तरी ती जागा परत आली नाही. चुंबळीने मध्ये दाबलंच नव्हतं. सीटवर ढकलायला काही उरलं नाही.

शाळेतून निघताना सुतळी सोडली. चुंबळ एका बाजूने पार झिजली होती. वाटेत दगडाबाईचं घर लागतं. ती रानात गेली होती, त्या दिवशीसारखी नुसत्या डोक्याने गेली असेल. गळ्यातलं उपरणं काढून चुंबळीवर घट्ट वळलं, जमलं तसं, आणि तिच्या दारातल्या खुंटीला अडकवून आलो.