सल्माबाईंचं वाण

४ जाने., रविवार
ईलिंगला आमच्या इथल्या मराठी मंडळाची मीटिंग. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाचं वाण यंदा माझ्याकडे. अध्यक्ष वंदनाची ताकीद : "सुमेधा, प्लास्टिकचे डबे नकोत हं." म्हटलं, ऑलिव्ह तेलाच्या छोट्या बाटल्या देते. सगळ्या खूश. तेल कुठलं, कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

७ जाने.
तेल रीमच्या आईचं. रीम हॉस्पिटलात आमच्या वॉर्डची फार्मसिस्ट, बारा वर्षं आम्ही डबा एकत्र खातो. आई, सल्माबाई, तिकडे पॅलेस्टाइनमध्ये, नाब्लुसजवळच्या गावात. यंदा तोडणीच्या दिवसांत सैनिकांनी ऑलिव्हच्या बागेची वाट अडवली, बाजूच्या वसाहतीतल्या सेटलर्सनी झाडं कापली. रीमच्या आजोबांच्या हातची झाडं. हे तेल गेल्या हंगामातलं. शेवटचं.
मी म्हटलं, "मग ठेव की, वाटतेस कशाला?" तर म्हणते, "कपाटात ठेवून कोणाला कळणार?"
वाण म्हणजे काय ते सांगितलं. येईल त्या प्रत्येकीला द्यायचं, आणि वाणाला कोणी नाही म्हणत नाही. हे तिला फार आवडलं.

११ जाने.
लेबलं चिकटवली. माझ्या अक्षरात, मराठीत : 'सल्माबाईंच्या बागेतलं तेल. पॅलेस्टाइन. यंदा बाग अडवली, झाडं तोडली.' रीमने फोटो काढून आईला पाठवला, तुझं नाव मराठीत असं दिसतं म्हणून.

१५ जाने.
हौसेने वंदनालाही फोटो पाठवला. लगेच फोन.
"अगं, हे काय! मंडळ चॅरिटी आहे, हॉल कौन्सिलचा. कोणी कम्प्लेंट केली तर?"
"खोटं काय लिहिलंय?"
"खोटं नाही गं. पण पॉलिटिक्स नको. तेल दे, लेबल काढ."
म्हणजे तेल चालेल, सल्माबाई नको. डोकंच फिरलं. लेबल निघणार नाही म्हटलं आणि फोन आपटला.

१७ जाने.
कमिटीची ई-मेल. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या. खाली वंदनाची सही, 'तुमच्या भावनांचा आदर आहे'. तुमच्या! ही मला तुम्ही कधीपासून म्हणायला लागली?
रडले, खोटं कशाला लिहू. हे गेले त्या वर्षी, विधवेला कुंकू लावायचं की नाही म्हणून कुजबुज चालली होती. तेव्हा वंदनाच सगळ्यांदेखत पुढे झाली, मला कुंकू लावलं तिने. 'कशाला वाद' म्हणणाऱ्या तेव्हाही होत्याच.
बाटल्या घेऊन जाणार. मंडळातून काढायचं तर काढा.

२५ जाने., रथसप्तमी
गेले. बरोबर रीम, अंगात आजीचा भरतकामाचा काळा झगा. पहिलं हळदीकुंकू तिलाच लावलं. मग दारातच पिशवी घेऊन उभी राहिले. बऱ्याच जणींनी घेतलं. दोघींनी लेबल वाचून बाटली पटकन पर्समध्ये कोंबली. एकीने चक्क नाही म्हटलं. वाणाला! इल्फर्डच्या माईंनी, ऐंशीच्या, चष्मा लावून सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं मोठ्याने वाचलं.
शेवटी वंदना आली. बाटली पुढे केली, लेबल तिच्याकडे.
"मी घेतली तर मंडळाने घेतली असं होईल, सुमेधा."
"मंडळाला देतच नाहीये. तुला देतेय."
ती लेबलाकडे बघत राहिली. मागे वाट्या वाटायचं थांबलं होतं. रीम माझ्याशेजारी. हात भरून आला, पण खाली घेतला नाही.