पोचलास की कळव

पुणे
४ नोव्हेंबर १९९५

आईस, साईनाथचा लांबूनच वाकून नमस्कार.

वैष्णवी, हे पत्र आईला सावकाश वाचून दाखव, मधलं काय गाळू नको.

आमच्या हापिसातल्या कॉम्प्युटरवर लोक घरबसल्या फोनच्या तारेने येतात, निरोप ठेवतात, हे तुला सांगितलंच होतं. आता त्याचा नवा प्रोग्राम आलाय. आधी चार फोनवरून चौघं यायची, पण एकमेकांना दिसायची नाय. आता कोण कोण आलंय ते दिसतं आणि चौघं लिहून गप्पा मारतात. बरीचशी कामं मशीन आपोआप करतं. म्हणून मला काढतील असं मनात आणू नको. साहेब तसं काय बोलले नाय अजून.

गप्पा संपवून निघणाऱ्या माणसाला आता पडद्यावर आपल्या शब्दांत निरोपही देता येतो. साहेब म्हणाले, "साईनाथ, तूच लिही काहीतरी." मला दुसरं काय सुचणार? दिवाळी करून निघताना तू दारातून ओरडलीस तेच लिहिलं, फक्त अहोजाहो करून: "सावकाश जा. पोचलात की कळवा."

गंमत ऐक. माणसं आपल्या घरातच असतात, खुर्चीवरून उठलेलीसुद्धा नसतात. तरी पुन्हा फोन लावून लिहितात, "पोचलो." एक म्हातारे गृहस्थ तर रोज कळवतात. एकटेच राहतात ते.

भात झोडायला घेतलं का? बाबांचा खोकला कसा आहे, खरं काय ते कळव.

आणि आता दारात उभी राहू नको गो. मी पोचलो.

तुझाच,
साईनाथ