खिडकीच्या पट्टीतली दोन भोकं

प्रिय नवनाथ,

हे पत्र मी पाठवेन असं वाटत नाही. पण लिहिल्याशिवाय काचा परत बसवायला हात उचलत नाहीये.

आमच्या कॅम्पर व्हॅनची सरकती खिडकी अडकायला लागली, म्हणून आज खोलली. तीच, तू सातपूरच्या वर्कशॉपमध्ये बनवलेली. रबर ओढून काढलं, चार स्क्रू काढले, दोन्ही काचा गादीवर ठेवल्या. काचा सरकतात ती खालची पट्टी हातात आली तेव्हा तिच्या बाहेरच्या अंगाला दोन भोकं दिसली, एम-सीलने बुजवलेली.

ते मीच भरलं होतं रे. तू खिडकी बसवून गेलास त्याच संध्याकाळी. मला वाटलं, तुझं ड्रिल घसरलं, आता यातून मुंग्या येणार.

मग इगतपुरीच्या पावसात पट्टीत पाणी तुंबलं, आत आलं आणि अंथरुणं भिजली. माझ्या स्नेहलच्या साखरपुड्याला व्हॅन दारातच उभी होती, तू खिडकी निरखूनही आलास. मग पंगतीत, तुझ्या सासऱ्यांसमोर मी म्हणाले, "याच्या हाताला सफाईच नाही." तू भरल्या ताटावरून उठलास. त्यानंतर दोन भाऊबिजा तुझ्याविना गेल्या.

आज ते एम-सील कोरून काढलं आणि पट्टीत तांब्याभर पाणी ओतलं. त्या दोन भोकांतून सगळं बाहेर गेलं.

माफी मागायला तुला फोन लावला. "बोल ताई," म्हणालास, आणि मी विचारलं काय, तर आधी आतली काच बसवायची की बाहेरची!

"बाहेरची," तू म्हणालास. "आणि ताई, भोकांतलं एम-सील काढलंस ना?"

मी नुसतं "हो" म्हणाले.

म्हणजे त्या दिवशी ताटावरून उठतानाही तुला ठाऊक होतं.

तुझी,
मैनाताई