टाकीतलं पैंजण

मंगळवार, दिवेलागणीला

माशांच्या टाकीतलं शेवाळ एकदाचं गेलं. बरं वाटायला हवं होतं. पण चैन नाही.

दोन महिने धडपडतेय. टाकीवरच्या दिव्याची वेळ निम्म्यावर आणली, माशांचं खाणं कमी केलं, रोपांचं एकेक पान बोटांनी पुसलं. शेवाळ खाणाऱ्या गोगलगाईसुद्धा आणून सोडल्या. आणि आज पाणी बदलताना टाकीतल्या शोभेच्या लाकडामागं काय सापडावं, तर चांदीचं पैंजण. सासूबाईंनी टाकलेलं, मला न विचारता.

"आमच्या हुपरीत प्यायच्या पाण्यात चांदी टाकत्यात. पाणी नितळ ऱ्हातंय," त्या म्हणाल्या. "बघ की, गेलं का न्हाय शेवाळ?"

शेजारच्या वहिनींनाही सांगून झालंय. म्हणजे सगळं पैंजणानं केलं. मी काय उगाच पाण्यात हात कुजवत बसले होते?

चांदी गोगलगाईंना बाधते, असं कुठंतरी वाचलं होतं. तेवढंच सांगून पैंजण काढून त्यांच्या हातात दिलं. त्या भांडल्या नाहीत. पदरानं पुसत म्हणाल्या, "लग्नाआधी एकेक कडी मीच जोडलेली हाय ह्याची."



शेवाळ गेलं ते दिवा कमी केल्यामुळंच. की पैंजणानं? छे. दिव्यामुळंच.

तेव्हापासून सारखी टाकीपाशी जाऊन गोगलगाई मोजतेय. सगळ्या आहेत, काचेवरून आरामात फिरतायत. मीच जपून आणलेल्या. तरी मघाशी वाटून गेलं, एखादी मेलेली सापडली असती तर बरं झालं असतं.