आत्ती, तुझ्या चारशे बारा सेकंदांचं काय करू?

प्रिय आत्ती,

तू गेल्यापासून तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितोय ते भांडायला. समोर असतीस तर बशीतल्या चहावर फुंकर मारत "झालं तुझं?" म्हणाली असतीस आणि विषय मिटला असता. आता माझा राग मी कुणाच्या पदरात घालू?

आधी वायरींचं सांग. नदीवरच्या मोटरच्या पेटीत सगळ्या वायरी काळ्या? सगळ्या! तुझ्याकडं दुरुस्तीला आलेल्या मिक्सरच्या जुन्या वायरी कापून घातल्यास ना? झाकण उघडलं तर आत नुसतं गुंतवळ आणि त्यात काडेपेटीएवढा बोर्ड. लाईट आल्याचं कुठली वायर सांगते, मोटर कुठली चालू करते, हे शोधण्यात माझा अख्खा दिवस गेला.

खरं सांगू? पेटी बिघडलेली नव्हतीच. मीच रिकामा होतो. हुबळीची खानावळ सोडून आलेलो. (तिथं भांडी घासायच्या नळाला बोर्ड लावून मी काय गोंधळ घातला तो किस्सा वेगळाच आहे, राहू दे.) तू गेल्यावर घरात मामा एकटेच, म्हणून चार दिवस राहावं म्हटलं. आणि मला चार दिवस गप्प बसवतंय होय? तुझा लॅपटॉप उघडला.

त्यातल्या फायलींची नावं! 'मोटर', 'नवी मोटर', 'खरी मोटर' आणि शेवटची, 'सुन्याला दावू नको'. आत्ती! ज्याला तूच शेजारी पाटावर बसवून बोर्डावरचा पहिला दिवा लुकलुकवायला शिकवलंस, "पेटला की रं!" म्हणून ज्याच्याआधी स्वतःच टाळ्या वाजवल्यास, त्याच्यापासून फाईल लपवायची? लई लागलं मला ते. आणि पेटीत चालत होती नेमकी तीच.

प्रोग्रॅम मात्र सोपा, दहावी नापासालाही कळेल असा. मला कळला. शेतीची थ्री फेज लाईट आली की पेटी मामांच्या मोबाईलवर मिस्ड कॉल देणार. मामा फावडं घेऊन रानात निघणार. पेटी थोडं थांबून मोटर चालू करणार, पाटाला पाणी येणार आणि मामा पाटाची मातीची दारं मोडत उसाच्या एकेका सरीला पाणी पाजणार. पण थांबायचं किती? चार लाख बारा हजार मिलिसेकंद. म्हणजे चारशे बारा सेकंद, जवळजवळ सात मिनिटं!

हा काय आकडा झाला? चारशे लिही, पाचशे लिही. शेजारी एक ओळ खरडावी की बाबा रे, हे अमक्यासाठी. तीही नाही! दिवसातनं पाच वेळा लाईट जाते-येते आणि प्रत्येक वेळी मोटर सात मिनिटं तोंड बघत बसणार? मी म्हटलं, आत्तीचं चुकलं. थांबायची ओळच पुसली, बोर्डात नवा प्रोग्रॅम भरला आणि स्वतःवर खूश होऊन गडहिंग्लजला वडा खायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाईट आली. मामांचा मोबाईल वाजला, तेवढ्यात मोटरही चालू. मामा अर्ध्या वाटेवर असतानाच पाट तुडुंब भरला, फुटला आणि पाणी शेजारच्या बसाण्णाच्या रानात घुसलं. तो बांधावरनं ओरडायला लागला, "ओ मामा, पाणी आवरा की! भुईमूग टोकलाय का भात लावलाय माझा?" मामा पळाले. तसल्या दुखऱ्या गुडघ्यानं, ओल्या बांधावर. घसरून पाटात पडले. मी पोचलो तेव्हा चिखलात बसून म्हणत होते, "मोटर येडी झाली का माझं पाय, काय कळंना गा."

संध्याकाळी कोल्हापूरहून तुझ्या लेकाचा, दादाचा फोन. एरवी तो माझ्यावर ओरडतो. त्या दिवशी शांत होता, म्हणून जास्त भीती वाटली. "सुन्या, बास झालं. आबांना आता पाणी पाजायला जमत न्हाय. रान बसाण्णाला वाट्यानं देऊया." मामा कॉटवर पाय लांब करून स्पीकरवरचं ऐकत होते. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. आत्ती, त्या माणसाच्या हातातनं फावडं काढून घेतलं तर त्यानं दिवसभर करायचं काय, तूच सांग!

तिसऱ्या दिवशी "रानाकडं नजर टाकून येतो" म्हणत उठले. ऐकतात कुणाचं? मी मागं मागं निघालो. निम्म्या वाटेवर दगडावर बसले, तंबाखू मळायला लागले. निमित्त तंबाखूचं, दम गुडघ्याला द्यायचा. मी कंटाळून मोबाईल काढला, तर हसले.

"तुझी आत्तीबी अशीच मागनं यायची, मोबाईल बघत. काय बघत्यास म्हटलं तर म्हणायची, रेंज बघतो."

रेंज! आपल्या बांधावर रेंज कधी गेलीय का, आत्ती? तू घड्याळ लावत होतीस. उंबऱ्यापासून पाटापर्यंत, वाटेतल्या तंबाखूसकट, मामांना लागायचे तेवढे चारशे बारा सेकंद! मी दोन मिनिटांत जातो, म्हणून मला वाटलं रान दोन मिनिटांवर आहे. आणि मोटर आपल्यासाठी थांबते हे त्यांना तू एका शब्दानं कळू दिलं नाहीस.

पण मला सांगायला काय झालं होतं? मी जेवता जेवता हसत बोलून गेलो असतो, मान्य. तरी सांगायचं होतंस!

घरी आलो आणि दादाला फोन लावला. "दादा, आबांना जमतंय. मोटर मी बिघडवली." त्यानं मला दहा मिनिटं धुतलं. "तुला कुणी सांगिटलं हुतं रं हात घालायला, भाड्या?" सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "हा ऊस तुटूस्तवर बघू दे आबांना. परत पडले तर मात्र मी ऐकणार न्हाय."

मग तीन दिवस मामांच्या मागनं चाललो. गुडघा सुजलाय, त्यामुळं आता पाचशे सत्तेचाळीस लागतात. तेवढे भरलेत. शेजारी कारणही लिहिलंय, तुझ्यासारखं नाही! मामा लॅपटॉप उघडत नाहीत, आणि पेटीत हात घालणारा पुढचा गाढव परत मीच असणार.

काल लाईट आली. मामा पाटावर पोचले, फावडं टेकवून उभे राहिले आणि मग पाणी आलं. "मशीन लई वेळ घेतंय की रं आताशा."

"जुनं झालंय, मामा."

"असू दे. वेळेत येतंय न्हवं?"

मी एका गावात टिकणारा नाही, तुला ठाऊकच आहे. पुढच्या महिन्यात कुठं असेन ते मलाच माहीत नाही. पण शब्द देतो. उसाच्या दर लागणीच्या आधी येईन. मामांच्या मागनं चालेन, ते बसले की बसेन, पुढं पळणार नाही. आणि त्यांना लागेल तेवढा वेळ बोर्डात भरूनच पुढच्या गाडीत बसेन.

तुझ्यावर अजून रागावलेला,
सुन्या