बाबांचा ठसका

बाबा, यांना लकवा झाला त्याला आता तीन महिने होत आले. उजवा हात आणि पाय गेला, आणि सोबत गिळणंही गेलं. इथे दारव्ह्याच्या घरात माझा सगळा दिवस एका वाटीभोवती जातो. ज्वारीच्या कण्या दाट शिजवायच्या, तूप घालायचं, गुठळी राहू द्यायची नाही. यांना ताठ बसवायचं, हनुवटी छातीकडे वळवायची, मग अर्धा चमचा. गिळा. पुन्हा गिळा. गालात काही उरलं का ते पाहायचं. एक वाटी संपायला तास लागतो, आणि ती धुऊन ठेवते तोवर पुढच्या वाटीची वेळ झालेली असते. शर्ट खांद्यावरून ओघळतात, इतके हे वाळलेत. मी थकले आहे, बाबा. कधीकधी चमचा फेकून द्यावासा वाटतो.

पाण्याची तर वेगळीच गत. त्यात भुकटी कालवून ते मधासारखं घट्ट करून द्यावं लागतं. यवतमाळच्या दवाखान्यात गिळायला शिकवणारी एक मुलगी आहे. तिनं पहिल्याच दिवशी बजावलं, "काकू, काकांले साधं पाणी देऊ नका. जीभ ढिली पडली की पातळ पाणी आवरत नाही, श्वासनळीत जाते. ठसका लागला की थांबायचं." मी मान हलवली. डोळ्यांसमोर मात्र तुम्ही होतात, राजूरच्या आपल्या घरातल्या खाटेवर, अठ्ठावीस वर्षांपूर्वीचे.

खाणीतून आलात की गडवा उंच धरून, ओठ न लावता, घटाघटा पाणी पिणारे तुम्ही. मग तुम्हालाही लकवा झाला, गडवा धरता येईना, म्हणून मी फुलपात्रानं पाजायचे, तेही निजलेल्या तुमच्या मानेखाली हात घालून. तुम्हाला ठसका लागायचा. राळेगावची आत्या तुमच्या टाळूवर थापटायची आणि म्हणायची, "कोण आठवण काढून राह्यलं बाप्पा माह्या भावाची?" आम्ही हसायचो. एकेकाचं नाव घेऊन बघायचो, की कोणत्या नावाला ठसका थांबतो. आणि थांबावा म्हणून मी आणखी पाणी पाजायचे. किती मायेनं पाजायचे, बाबा!

आठ दिवसांनी तुम्ही तोंडच मिटून घेतलंत. जड जिभेनं म्हणालात, "नको... माय... नको." मी वैतागलेली. शाळेतली नोकरी, घर, तुमची धुणी. "पाण्याले कायले नाही म्हणता? लहान लेकरासारखं करून राह्यले!" असं तुम्हाला बोलले, आणि गाल दाबून पाणी ओतलं. तुम्ही माझ्याकडे बघत गिळायचा प्रयत्न करताय. ते बघणं अजून हलत नाही डोळ्यांपुढून. मग ताप आला, छाती घरघरू लागली आणि पाच दिवसांत तुम्ही गेलात. लकव्यानं गेले, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं, आम्हालाही तसंच वाटत होतं. तेव्हा आम्हाला कोणी काही सांगितलं नव्हतं, असं मी मनाची समजूत घालते. पण तुम्ही सांगितलं होतं.

आज ती मुलगी घरी आली. यांना तपासलं आणि म्हणाली, "आता साधं पाणी देऊन पाहू. काकू, तुमच्याच हातानं द्या." माझा हात उठेना. चमचा मी तिच्याच हाती दिला. तिनं थोडं थोडं करत तीन चमचे पाजले. यांनी गिळलं. "बोला काका," ती म्हणाली. "जमलं ना वं," हे माझ्याकडे बघून म्हणाले. आवाज स्वच्छ होता, घरघर नाही, काही नाही. मला आनंद झाला आणि लगेच संतापही आला, कोणाचा ते सांगता येत नाही. स्वयंपाकघरात जाऊन मी ओक्साबोक्शी रडले. ती मागोमाग आली, पाठीवर हात ठेवला. "काका सुधरून राह्यले ना, मग कायले रडता काकू?"

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच लिहिता आलं. मी यांच्यासाठी रडते आहे असं तिला वाटलं, बाबा, आणि मी तसं वाटू दिलं.