मयुराला नागपूर दाखवण्याची मोहीम

२६ डिसेंबर, शुक्रवार. संध्याकाळ.
तुळसाआत्याचं घर, जरीपटका.

सुखरूप पोचलो. आत्याने लगेच ट्रेमध्ये पाणी आणलं. स्टीलचा ग्लास, वर झाकण. या घरात मला अजून काय मान आहे, ते मयुराने बघून ठेवायला हवं होतं. पण बाईसाहेब तोवर सरळ स्वयंपाकघरात जाऊन माठातलं पाणी पिऊन आल्या. मागोमाग उन्नतीही. दहा वर्षांची झाली, मॅनर्स कधी येणार?

उद्याचा दिवस निर्णायक. ऑफिसने नागपूरच्या शाखेत बदली देऊ केलीय. होय की नाही ते सोमवारी कळवायचं. मला यायचंच आहे. पुण्यात राहतो ते पोटासाठी, आतून मी अस्सल नागपूरकर. प्रश्न मयुराचा. ती साताऱ्याची. तिचं म्हणणं असं, की लग्न झाल्यापासून दरवर्षी नागपूरला येते आणि आजवर फक्त तुझ्या नातेवाइकांचे सोफे पाहिलेत. आधी एक दिवस शहर दाखव, मग होय की नाही ते सांगते.

अट वाजवी आहे. प्लॅन तयार. सीताबर्डीचा किल्ला, दीक्षाभूमी, अंबाझरी, फुटाळा तलावावर सूर्यास्त. सूर्यास्त बघताना बदलीचा विषय काढायचा. नातेवाइकांपैकी फक्त वाडीचे देवाजीकाका, तेही दहा मिनिटं. चहा घ्यायचा, उठायचं. पंचफुलामावशीकडे या वेळी नाही म्हणजे नाही.

आत्या म्हणाली, मेट्रोनं जा, मी येते संगतीनं, तुले आता रस्ते नाही समजन. मी नुसता हसलो. तिच्या मुलाची, केशवची गाडी मागून घेतलीय.

२७ डिसेंबर, शनिवार. सकाळ.

निघायला किंचित उशीर. आत्याचे तर्री-पोहे. तर्री पुन्हा मागून घेतली, गावाशी इमान म्हणून. मयुराला बजावलं, आता दिवसभर कुठेही काही खायचं नाही.

जरा वेळाने. गाडीत.

किल्ला बंद. लष्कराच्या ताब्यात आहे आणि वर्षातून मोजक्या दिवशीच उघडतो, असं चहावाल्याने सांगितलं. मला ठाऊक होतंच, खात्री करून घेतली. उन्नतीने विचारलं, बाबा, तुम्ही आत कधी गेला होतात? तिला सांगितलं, गावातल्या माणसाला जावं लागत नाही.

आणखी वेळाने. अजून गाडीत.

दीक्षाभूमीकडे जाताना एक पूल लागला. मी असताना तो नव्हता. चढलो. उतरलो तर दुसरा पूल. मग रस्ता सरळच जात राहिला. दोन्ही बाजूंना गोदामं, पुढे ट्रक, मागे ट्रक. उन्नतीने पाटी वाचली: वाडी. मयुराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, मुद्दामच आणलं. आधी वडीलधाऱ्यांना भेटायचं, मग फिरायचं, अशी आमच्याकडे रीत आहे.

दुपार. देवाजीकाकांची गच्ची.

काका फाटकातच उभे होते. आत्याचा फोन येऊन गेला होता. काकूंनी ट्रेमध्ये पाणी दिलं. बसल्या बसल्या मी ठामपणे जाहीर केलं, फक्त चहा, आम्ही आत्याकडे खाऊन आलो. इथे डावपेचात बारीकशी चूक झाली. काका हिरमुसले. म्हणाले, "तुळसाकडे खाल्लं अन् आमच्याइथं नुसता चहा? काहून गा? आमच्या हातचं गोड नाही लागत का तुले?"

मग तुरीच्या ओल्या दाण्यांचा भात, वांग्याचं भरीत, पातोडीचा झणझणीत रस्सा. मी ताटावर हात आडवा धरला, तर काकूंनी हातावर वाढलं. त्याआधी स्वयंपाक होईपर्यंत मयुरा आत पातोड्या कापत होती, उन्नती काकूंशेजारी बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. दोघींच्या हसण्याचे आवाज येत होते. मीही मदतीला उठलो, तर काका म्हणाले, "बस गा. पाव्हण्यानं उठू नाही." मान बघा.

निघताना सहज बोलून गेलो, आता दीक्षाभूमी. काका म्हणाले, मंग पंचफुलाचं घर त्याच्या मागंच आहे. मी गाडी सुरू केली तेव्हा ते फोन कानाला लावून उभे होते.

दुपार उलटल्यावर. पंचफुलामावशीकडे.

मावशी चौकात रस्त्याच्या मधोमध उभी होती. ब्रेक मारावाच लागला. दार उघडून आत बसली आणि डावीकडे घे म्हणाली. मी शांतपणे समजावलं, देवाजीकाकांकडे पोटभर जेवलोय. तीच चूक पुन्हा झाली की काय, कोण जाणे. "देवाजी तुह्या बापाचा चुलतभाऊ. मी तुह्या मायची सख्खी बहीण. हिशोब तूच कर बापा."

केला. खाल्लं. सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, आग्रहाने वाढतात आणि ती पोटात गेल्यावर फुगते.

आता मावशीच्या दिवाणावर जरा टेकतो. झोप नाही. पुढच्या प्लॅनचा आढावा.

संध्याकाळ.

आढावा लांबला. डोळे उघडले तेव्हा दिवे लागले होते आणि अंगावर मावशीची गोधडी होती. मयुरा म्हणाली, दोनदा उठवायला आले, पण मावशींनी उठवू दिलं नाही. "झोपू दे वं त्याले. पाव्हणा थकला."

उन्नतीने मावशीबरोबर वाळलेले कपडे काढताना गच्चीवरून दीक्षाभूमीचा पांढरा स्तूप पाहिला. म्हणजे दीक्षाभूमी झाली म्हणायला हरकत नाही.

परतताना फुटाळा शोधला. उजवीकडे पाणी चमकलं. गाडी थांबवून तलावाचा इतिहास सांगितला, काही आठवणीतून, काही उत्स्फूर्त. उन्नती म्हणाली, बाबा, हा कुठल्यातरी लग्नाच्या लॉनमधला टँक आहे. नवरा-नवरी फोटो काढतायत.

मयुरा हसली नाही. चिडली असती तरी बरं होतं. बदलीचा विषय काढायचा धीर झाला नाही. खरंच फार वाईट वाटलं.

२८ डिसेंबर, रविवार. सकाळ.

पोट. तपशील नकोत.

आज दुसरी संधी साधणार होतो. आत्याने ट्रेमध्ये ओवा आणि ताक आणून दिलं आणि म्हणाली, "तू पडून राह्य बापा. आम्ही तिघी जाऊन येतो मेट्रोनं." जाऊ दिलं. गाइडशिवाय त्यांना काय कळणार?

दुपार.

फॅमिली ग्रुपवर फोटो येताहेत. मेट्रोच्या खिडकीशी उन्नती. दीक्षाभूमी, समोरून. अंबाझरी. फुटाळ्यावर आत्या भाजलेलं कणीस खाताना (तलाव बराच मोठा आहे). मयुरा सगळ्या फोटोंत हसतेय. देवाजीकाकांनी विचारलं, अश्विन कुठं आहे? मावशीने लिहिलं, पाव्हणे घरी आराम करून राहिले.

संध्याकाळ.

आल्या. उन्नती थांबायलाच तयार नाही. छप्पन साली आमचे दादाजी नरखेडहून दीक्षेला आले, ही गोष्ट मी तिला नेहमी सांगतो. बैलगाडी, मशाली, रात्रभरचा प्रवास. आत्याने सांगितलं, रेल्वेने आले. गर्दीत त्यांची एक चप्पल हरवली, तर दुसरी त्यांनी तिथेच काढून टाकली आणि अनवाणी घरी गेले. आत्या तेव्हा आजीच्या कडेवर होती. आज तिने उन्नतीला जवळ घेतलं आणि म्हणाली, माही माय मले घेऊन अशीच बसली होती. हे सांगताना मयुराचे डोळे भरून आले. आत्या तिथे होती, हे मला आजच कळलं. कधी विषय निघाला नसेल.

मग मयुरा म्हणाली, येऊ या आपण नागपूरला. आत्याच्या वरच्या मजल्यावर राहू.

म्हणजे मोहीम फत्ते! नियोजन पक्कं असलं की असं होतं.

२९ डिसेंबर, सोमवार. सकाळ.

ऑफिसला होय कळवून टाकलं. आजपासून मी इथला. ट्रेची वाट न बघता स्वतः उठून स्वयंपाकघरात गेलो, पाणी घ्यायला. आत्या पोळ्या लाटत होती, मयुरा भाजत होती, वरच्या खोलीला पडदे कुठले लावायचे ते चाललं होतं. माठ सापडला. ग्लास सापडेनात. डाळीचा डबा उघडला, पिठाचा उघडला.

आत्या म्हणाली, "काहून उठून राहिला गा?" उन्नती म्हणाली, बाबा, तुम्ही बाहेर बसा, तुम्हाला इथलं काही माहीत नाही.

बाहेर येऊन बसलो. उन्नतीने पाणी आणलं. ट्रेमध्ये, वर झाकण ठेवून.